कान सोनारानंच टोचावेत, पण सुई कुणाची?

गेल्या रविवारी आपल्या गावात एका नेत्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर होतं. बातमीला गेलो होतो, नेहमीप्रमाणे रक्त द्यायलाही बसलो. फॉर्मवर एक प्रश्न असतो, तुमच्यापैकी जे रक्त देतात त्यांना माहीत असेल. अलीकडे गोंदवून घेतलंय का, कान टोचलेत का, दात काढलाय का? मी वर्षानुवर्षं तिथं न वाचताच 'नाही' लिहीत आलोय. यावेळी तो प्रश्न दोनदा वाचला. कारण खाली येईलच.

म्हणजे बघा, रक्तपेढीला माहीत आहे की टोचलेल्या कानातून अंगात काय काय शिरू शकतं. म्हणून ती विचारते. नगरपालिका विचारत नाही, जत्रा कमिटी विचारत नाही, आणि घरात विचारतात तेव्हा ते विचारणं नसतं, ओरडणं असतं. पोस्ट मोठी आहे, पण घरात शाळा-कॉलेजातली पोरं असतील तर शेवटपर्यंत वाचा.

माझ्या बहिणीची मुलगी बारावीला आहे. तिला विचारूनच हे लिहितोय, नाव टाकायचं नाही एवढीच तिची अट. मैत्रिणींबरोबर जत्रेला गेली होती. बांगड्यांच्या दुकानाशेजारी टेबल टाकून एकजण गननं कान-नाक टोचत बसला होता. पाळी शंभर रुपये, वरचा कान दीडशे, खडा फुकट. चौघींनी टोचून घेतलं. हिनं डाव्या कानाचा वरचा भाग टोचला, जिथं कान कुरकुरीत लागतो तिथं. घरी कळलं तर बोलणी बसतील म्हणून केस मोकळे सोडून फिरायला लागली. बहिणीला वाटलं नवीन फॅशन.

पाचव्या दिवशी रात्री दहाला मला फोन. "मामा, आईला सांगू नको, पण कान लय ठणकतोय."

आता माझी चूक सांगतो. मी म्हणालो, मेडिकलमधून गोळी घे, हळद लाव, दोन दिवसांत बसेल. वीस वर्षं आरोग्याच्या बातम्या लिहितोय, डेंग्यूवर पानं भरलीत, आणि पोरीला सल्ला दिला हा. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता दुखण्याची गोळी आणि अमॉक्सिसिलिनची पट्टी दिली. तीन दिवस गेले. आठव्या दिवशी पोरगी तापानं फणफणली तेव्हा तिच्या आईनं केस बाजूला केले. कान लालभडक, गरम, सुजून डोक्यापासून पुढं आलेला. खालची पाळी मात्र जशीच्या तशी.

जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघताक्षणी अॅडमिट करून घेतलं. चिरा देऊन पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. कान वाचला, आकार गेला. वरची कड आता चुरगळल्यासारखी दिसते. बिलाचा आकडा लिहीत नाही, तिचे बाबा हे वाचतात.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण ते कळलं असतं तर मी त्या रात्री फोनवर वेगळं बोललो असतो.

कानाची पाळी म्हणजे मऊ मांस, त्यात भरपूर रक्त फिरतं. जखम झाली तर शरीर तिथं लगेच शिपाई पाठवतं. साधारण दीड-दोन महिन्यांत भोक भरून पक्कं होतं. वरचा कान कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यावर एक पातळ आवरण असतं, त्यातून झिरपून येईल तेवढंच पोषण तिला मिळतं. त्या आवरणाखाली पू साठला की आवरण सुटतं, कूर्चेचा पुरवठा तुटतो आणि ती विरघळायला लागते. एकदा गेलेली कूर्चा परत उगवत नाही. या दुखण्याला पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतात. त्यात बहुतेक वेळा जो जंतू सापडतो तो सुडोमोनास, ओलाव्यात आणि पाण्यात वाढणारा. त्याच्यावर अमॉक्सिसिलिन चालत नाही. म्हणजे माझ्या सल्ल्यानं पोरीनं तीन दिवस निरुपयोगी गोळ्या खाल्ल्या आणि आत कान विरघळत होता. वरचा कान लाल-गरम पण पाळी ठीक, ही त्या आजाराची खूणच. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उद्या सकाळी बघू, असं करायचं नाही.

आता गन. गनमध्ये सुई नसते. आत स्प्रिंग असते, ती कानातल्याची बोथट काडीच दणक्यानं आरपार घुसवते. पाळीत ते एकवेळ निभतं. कूर्चेत त्या दणक्यानं आतला भाग चेचला जातो, कधी कधी तडकतो, आणि चेचलेल्या जागी जंतूंची सोय होते. पोकळ सुई नीट कापून भोक पाडते, चेचत नाही. शिवाय खडा आणि मागचा फिरकीचा भाग गन घट्ट दाबून बसवते. कान सुजला की त्याला फुगायला जागाच नाही.

या गनवाल्याला शोधत मी पुढच्या गावच्या जत्रेत गेलो. बातमी करायच्या रागानंच गेलो होतो. माणूस तिशीचा, बायको शेजारी क्लिपा-रबरं विकायला बसलेली, पोरगं टेबलाखाली झोपलेलं. त्याच्यावर काय रागवायचं? मी विचारलं, दादा, मशीन कशानं साफ करता? म्हणाला, "प्रत्येकाला स्पिरिटचा बोळा मारतो की." म्हटलं, उकळत नाही? हसला. "प्लास्टिकचं हाय साहेब, वितळंल ना."

त्या एका वाक्यात सगळं आलं. दवाखान्यात हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये टाकतात, म्हणजे एक प्रकारचा मोठा प्रेशर कुकर. दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. जंतूंचे बीजाणूसुद्धा त्यात मरतात. ती वाफ प्लास्टिकच्या गनला सोसत नाही. त्यामुळं एकाच्या कानाचा रक्ताचा बारीक शिंतोडा गनच्या खाचेत बसला तर बोळ्यानं तो निघेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस जिवंत राहतो. जत्रा पाच दिवसांची असते. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोकाही दुसऱ्याच्या रक्तानं माखलेल्या हत्याराचाच. बीवर लस आहे, पण ती सरकारी लसीकरणात देशभर पोहोचायला २०११ साल उजाडलं. आज कॉलेजात असलेल्या तुमच्या पोरांना ती मिळालीय का, हे घरातलं जुनं कार्ड काढून बघा. मी बघितलं, माझ्या मुलाला एक डोस राहिलाय.

भाचीची हकिगत कळल्यावर गल्लीतली प्रतिक्रिया ठरलेली होती. कशाला हवीत ही थेरं? कान काय, भुवई काय, बेंबी काय! मोबाईलनं पोरं बिघडवली.

थांबा जरा. वरचा कान टोचणं मोबाईलनं आणलेलं नाही. तुमच्या आजीच्या, पणजीच्या फोटोत बघा, बुगडी कुठं आहे? कानाच्या वरच्या कडेलाच आहे ना? पुरुषांची भिकबाळी उजव्या कानात वरच्या बाजूलाच घालतात, आणि आज ढोल-ताशाच्या पथकातली पोरं ती मिरवतात तेव्हा आपण संस्कृती म्हणून फोटो लाईक करतो. नथीसाठी नाक टोचायचं तर मुहूर्त बघतो. पोराचं बारसं झालं की कान टोचायची घाई असते. टोचून घेणं हे आपल्या हाडीमाशी आहे. पोरीनं स्वतःच्या मनानं टोचलं की मात्र ते थेर होतं. हा हिशोब मला कळत नाही.

आणि या हिशोबाची किंमत कान देतो. भाचीचा कान गननं खराब केला हे अर्धं खरं. बाकीचं अर्धं काम त्या आठ दिवसांच्या लपवाछपवीनं केलं. तिसऱ्या दिवशी घरात "आई, कान दुखतोय, बघ ना" म्हणता आलं असतं तर कदाचित गोळ्यांवर निभावलं असतं. पोरींना बोलणी बसायची भीती पू होण्यापेक्षा मोठी वाटते, हे आपल्याला लागायला पाहिजे. मला लागलं. मी तर तिला आईपासून लपवायलाही मदत केली.

परंपरा, परंपरा म्हणतो तर त्यातलं नीट तेवढं तरी घेऊ. सुश्रुतसंहितेत कर्णवेधावर वेगळा अध्याय आहे, सूत्रस्थानातला सोळावा. बाळाला मांडीवर घेऊन, कान उन्हात धरून, जिथून उजेड आरपार दिसतो तिथं टोचावं असं त्यात आहे. म्हणजे शीर चुकवून, मऊ जागी. चुकीच्या जागी टोचलं तर काय काय होतं तेही दिलंय, आणि बोथट, वाकड्या, खराब सुईनं टोचल्यास कान सुजतो, ठणकतो, हेही तिथंच आहे. बोथट काडीचा तोटा त्या काळी लिहून ठेवलाय आणि आपण जत्रेत पैसे देऊन तीच मारून घेतोय.

आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडे गेलो. सत्तरी ओलांडलीय. गावातल्या तीन पिढ्यांचे कान त्यांनी टोचलेत, माझेही. त्यांची रीत अशी: सोन्याच्या बारीक तारेला कानशीनं टोक काढायचं, तीच तार कानातून घालायची आणि तिथंच वळवून सोडून द्यायची. ते म्हणाले, "अरे, याची तार त्याच्या कानात जाईल कशी? ती तर ज्याची त्याच्याच कानात राहते." मला हे कधी सुचलंच नव्हतं. एका माणसाला एक सुई, हे आजचं वैद्यकशास्त्र जे सांगतं ते या जुन्या रीतीत आपोआप होत होतं. बावीस कॅरटच्या सोन्याची अॅलर्जीही क्वचितच येते. अॅलर्जी होते ती बहुतेक निकेलची, आणि ते स्वस्तातल्या खड्यांच्या पॉलिशखाली दडलेलं असतं.

म्हणजे काकांचं सगळंच बरोबर असंही नाही. चिमटा सगळ्यांना एकच, मांडीवरच्या ज्या फडक्यानं हात पुसतात त्यानंच तार पुसतात, आणि वर खोबरेल तेल-हळदीचं बोट. मी तसं बोललो. रागावले नाहीत. म्हणाले, "मला कुणी शिकवलंच नाही रे तसं. शिकवलं तर करीन. पण वरचा कान मी घेत नाही, आधीच सांगतो, आता हात थरथरतो." त्यांचा मुलगा दुकान सांभाळतो. दुकानाचं शोरूम झालंय, एसी आहे, आणि कान टोचायला काउंटरवर तीच प्लास्टिकची गन आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की दोष ना पोरींचा, ना त्या गनवाल्याचा. कुणीच कुणाला काही विचारलेलं नाही. जत्रेत पाळणा उभा करायचा तर सुरक्षेचा कागद मागतात. खाण्याच्या गाड्याला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, कितीजण करतात ते सोडा, पण नियम तरी आहे. माणसाच्या कातडीला भोक पाडणाऱ्या टेबलाला फक्त जागाभाड्याची पावती लागते. गनवाला मला म्हणालाच, "दहा वर्षं जत्रा करतोय, पावती फाडायला सगळे येतात, मशीन दाखव असं तुम्हीच पहिले म्हणालात." इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्यानं कान टोचणाऱ्या आणि गोंदणाऱ्या दुकानांची नोंदणी करायचा अधिकार तिथल्या नगरपालिकांना दिला. आपल्या नगरपालिकेनं दिल्ली-मुंबईच्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. जागेची पावती देते ना? मग त्या पावतीवर अटी छापाव्यात.

अटी काय असाव्यात, तर सुई बंद पाकिटातली, गिऱ्हाईकासमोर फोडलेली, एकदाच वापरायची. वापरलेली सुई टोचणार नाही अशा जाड डब्यात. हात धुवायला पाणी-साबण, प्रत्येकाला नवे ग्लोव्हज. गन वरच्या कानाला आणि नाकाला बंद. अठराच्या आतल्या पोरांबरोबर घरचं कुणीतरी. एवढंच. सोनार आणि पार्लरवाल्या ताईंसाठी ग्रामीण रुग्णालयानं वर्षातून एक दिवस शिकवणी घेतली तरी फरक पडेल.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो मला मान्य आहे. अटी म्हणजे हप्ता. नियम झाला की तो गनवाला गरीब म्हणून पकडला जाईल, शोरूमवाला सुटेल, आणि शेपन्नास रुपयांत सगळं मिटेल. होऊ शकतं. म्हणून अटी फाईलीत नकोत, जत्रेच्या कमानीजवळ मोठ्या अक्षरात फ्लेक्सवर हव्यात. आपल्या गावात फ्लेक्सला काय तोटा? पाकीट समोर फोडलं की नाही हे बघायला अधिकारी लागत नाही, चौदा वर्षांच्या पोरीलाही ते दिसतं. ती उठून जाईल. दोन दिवस गिऱ्हाईक उठून गेलं की तिसऱ्या दिवशी तो माणूस स्वतः सुयांचं पाकीट घेऊन येईल. सुई काही महाग नसते.

नियम व्हायचा तेव्हा होईल, पोरं उद्याच टोचून घेणार आहेत. तेव्हा घरच्यांसाठी आणि पोरांसाठी थोडं.

पाळी असेल तर बरेच बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर टोचून देतात, विचारा. तान्ह्या बाळाची घाई करू नका, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी होऊ द्या, त्यात धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी दोन्ही आलं. वरचा कान, नाक, भुवई, बेंबी असलं काही असेल तर सुईनं टोचणारा, रोज हेच काम करणारा माणूस शोधा, त्यासाठी जिल्ह्याला जावं लागलं तरी चालेल. पहिला दागिना सोन्याचा किंवा टायटॅनियमचा घाला, बेन्टेक्स नंतर आयुष्यभर आहेच. जुन्या जखमेवर ज्यांच्या कातडीला जाड गाठ येते, म्हणजे केलॉइड, त्यांनी आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारावं, कानाला ती गाठ हमखास धरते. साखर वाढलेली असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या असतील, हृदयाच्या झडपेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

नंतरची काळजी आपल्या आजीच्या सल्ल्याच्या बरोबर उलटी आहे, त्यामुळं घरात थोडी वादावादी होईल. तेल-हळद नको, कडुनिंबाची काडी नको, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साईडही नको, त्यानं नवी येणारी कातडी जळते. हात धुवून दिवसातून दोनदा नॉर्मल सलाईननं पुसायचं, मेडिकलमध्ये मिळतं. कानातलं सारखं फिरवायचं नाही. फिरवलं नाही तर चिकटेल, असं आपण सगळे ऐकत आलोय, पण प्रत्येक वेळी फिरवताना आतली जखम पुन्हा उघडते. नदी, विहीर, तलावात पोहणं काही आठवडे बंद. आणि वरच्या कानाला भरायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत लागतं, बेंबीला सहा महिने ते वर्ष. बाहेरून बरं दिसलं म्हणून आठव्या दिवशी कानातलं बदलायचं नाही.

तीन दिवसांनी दुखणं उतरायच्या ऐवजी चढायला लागलं, लाली पसरली, ताप आला, हिरवट पू दिसला तर डॉक्टर. मेडिकल नाही, मामा तर अजिबात नाही.

नगरपालिकेला द्यायचं निवेदन तयार आहे. आपली पुढची मोठी जत्रा चैत्रात, म्हणजे अटी छापायला त्यांच्या हातात वेळ आहे. सोमवारी सकाळी अकराला मुख्याधिकाऱ्यांकडे जातोय. सोनारकाका येतो म्हणालेत. पार्लरवाल्या दोन ताईंनी सही केलीय, शोरूमवाल्या मुलानं अजून नाही. ज्यांना यायचं त्यांनी नगरपालिकेच्या पायऱ्यांशी थांबा, उशीर करू नका, साहेब साडेअकराला मीटिंगला निघतात.

भाचीही येणार आहे. मी म्हटलं होतं, तू नको येऊस, लोक बघतील. म्हणाली, "मामा, केस वर बांधून येते. बघू दे."